ढाबळीत खाली काय अंथरावे?

आपल्या शाळेच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. सहा फूट लांब, चार फूट रुंद अशा या ढाबळीत आठ जोड्या राहतात. 2023च्या पावसाळ्यात तिच्यातली पाच पिल्ले दगावली. ती मांजराने नेली नाहीत, उपासमारीनेही मेली नाहीत. चूक आमचीच होती. पिल्लांना ऊब मिळावी म्हणून शहाबादी फरशीवर आम्ही भाताच्या पिंजराचा जाड थर घातला आणि वरून कोरडा दिसतो म्हणून तो पंधरा दिवस हलवला नाही. थर उचलला तेव्हा खालचे पिंजर काळे पडून त्यावर बुरशी धरली होती. तीन पिल्ले चोच उघडी टाकून श्वास घेत होती. दोघांचे पाय गुळगुळीत फरशीवर सरकून दोन बाजूंना फाकले होते. पशुवैद्यांनी औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारला, "खाली काय घातलंय?"

पुढे 2025 साली मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचा विषय वर्तमानपत्रांतून गाजला आणि काही पालकांनी रास्त शंका विचारली की, आमच्या मुलांनी ही ढाबळ झाडणे सुरक्षित आहे का? विश्वस्त मंडळाने विज्ञान मंडळाकडे अभ्यास सोपवला. हा लेख म्हणजे त्याच अभ्यासाचा गोषवारा. पक्ष्यांचे आरोग्य आणि मुलांची फुफ्फुसे, दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, ते ठिकाण म्हणजे ढाबळीची जमीन.

कबुतराला हवे काय?

पाळीव कबुतराचा पूर्वज म्हणजे पारवा. तो मुळात कड्याकपारीतला पक्षी. ऊन, वारा लागणारी कोरडी खडकाची कपार हे त्याचे घर. म्हणून त्याला मऊ गादीची गरज नसते, गरज असते कोरडेपणाची. आम्ही ऊब शोधत होतो, तिथे कोरडेपणा शोधायला हवा होता.

ओल का वाईट, याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण रक्ती हगवण. हा रोग करणारे कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म जीव विष्ठेतून बाहेर पडतात, तेव्हा लगेच रोग देऊ शकत नाहीत. ओलावा, ऊब आणि प्राणवायू मिळाला तर साधारण एक-दोन दिवसांत ते पक्वावस्थेत येतात. मग दाणे टिपताना ते पोटात जातात. म्हणजे विष्ठा रोज उचलली किंवा लगेच वाळली, तर साखळी तुटते. जंतांच्या अंड्यांचेही असेच आहे, फक्त त्यांना जास्त दिवस लागतात. बाजारातली बहुतेक जंतुनाशके कॉक्सिडियाच्या कवचापुढे निष्प्रभ ठरतात. खरवडणी आणि कोरडेपणा हेच खरे औषध.

दुसरे कारण बुरशी. ओल्या पिंजरावर अॅस्परजिलस नावाची बुरशी वाढते. तिचे बीजाणू श्वासावाटे पक्ष्याच्या फुफ्फुसात व वायुकोशांत जातात. पक्ष्यांची श्वसनसंस्था उड्डाणासाठी फार कार्यक्षम असते, म्हणूनच हवेतली घाणही तिला चटकन बाधते.

तिसरे कारण अमोनिया. पक्ष्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. ओल मिळाली की जिवाणू त्यापासून अमोनिया वायू तयार करतात. कुक्कुटपालनात हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे 25 भाग ही मर्यादा मानतात. आपल्याजवळ मोजण्याचे यंत्र नाही, पण नाक आहे. पक्ष्याच्या उंचीवर वाकून वास घ्या. डोळे चुरचुरले, तर जमीन बदलायची वेळ कधीच टळून गेली आहे असे समजा.

आपल्या भागात मिळणाऱ्या वस्तू

बेळगाव, खानापूर भागात कोणती वस्तू सहज व स्वस्त मिळते, याचा आधी विचार केला.

भाताचे तूस : गिरणीत मुबलक मिळते. तुसात सिलिका भरपूर असते, त्यामुळे ते लवकर कुजत नाही, पण पाणीही फारसे शोषत नाही. कोंबड्यांना ते चालते, कारण कोंबडी उकरून ते वरखाली करते. कबुतर उकरत नाही, ते पंख फडफडवते. चार पंख हलले की सगळे तूस कोपऱ्यात. शिवाय गिरणीच्या तुसात कणी असते आणि कबुतरे ती विष्ठेतून टिपून खातात. दाणा आणि विष्ठा एकत्र येऊ नयेत हा ढाबळीचा पहिला नियम. तो इथे मोडतो.

भाताचे पिंजर : त्याचा अनुभव वर सांगितलाच. घरट्यासाठी चार कोरड्या काड्या ठीक, जमिनीवर थर नको.

उसाचा चोथा : आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने अनेक, त्यामुळे ही सूचना लगेच आली. चोथा पाणी उत्तम शोषतो, पण साखरेच्या अंशामुळे त्यावर बुरशीही लवकर धरते. बुरशी लागलेल्या चोथ्याच्या धुळीने कामगारांना होणारा फुफ्फुसाचा आजार वैद्यकशास्त्राला बॅगॅसोसिस या नावाने माहीत आहे. मुलांच्या हाती ही वस्तू द्यायची नाही, असे आम्ही ठरवले.

लाकडाचा भुसा : वखारीतला बारीक भुसा नाकातोंडात जातो, दाण्यात मिसळतो. त्यापेक्षा रंध्याखालचे छिलके बरे. ते ओल शोषतात आणि धूळ कमी करतात. मात्र लाकूड साधे, औषध न मारलेले असावे. प्लायवूडचा चुरा नको. सागाची बारीक धूळ त्वचेला व नाकाला त्रास देते, तीही टाळावी.

वाळू : ती पाणी शोषत नाही, खाली झिरपू देते, आणि विष्ठा वर वाळून राहते. मग चाळणीने वाळू गाळली की काम झाले. कोरड्या हवेत ही पद्धत चांगली. पण जुलैत आपल्याकडे वाळूच वाळत नाही. दुसरी अडचण वजनाची, ती पुढे पाहू.

वर्तमानपत्र : रद्दी प्रत्येक घरी असते. रोज सकाळी गुंडाळी करून उचलली की विष्ठा बाहेर. धूळ जवळजवळ उडत नाही. दोष एवढाच की ओला कागद निसरडा होतो, म्हणून पिल्लांच्या पायांखाली तो नको.

चुना : काही जण जमिनीवर चुना भुरभुरतात. भिजवलेल्या चुन्याची सफेदी भिंतींना जरूर द्यावी, फटींत लपणाऱ्या गोचीड-पिसवांचा त्रास त्याने कमी होतो. कळीचा चुना मात्र ओल लागताच तापतो, पाय आणि डोळे भाजतात. तो ढाबळीत नेऊच नये.

थोडे गणित

ढाबळीचे क्षेत्रफळ मीटरमध्ये सुमारे 1.2 × 1.8 = 2.16 चौ. मी. पाच सेंटिमीटर थर घातला तर आकारमान 2.16 × 0.05 = 0.108 घनमीटर, म्हणजे 108 लिटर. कोरड्या वाळूचे वजन लिटरला साधारण 1.6 किलो. म्हणजे 108 × 1.6 = सुमारे 173 किलो! तुसाचे वजन लिटरला साधारण 100 ग्रॅम, म्हणजे तेवढ्याच जागेला 11 किलो पुरे. जुन्या गच्चीवर पावणेदोनशे किलो ओझे चढवणे, आणि बदलताना मुलांनी ते जिन्यावरून उतरवणे, आम्हांला पटले नाही.

आम्ही काय ठरवले?

उत्तर एका वस्तूत सापडले नाही, दोन गोष्टींच्या जोडीत सापडले.

ढाबळीच्या तळाला लाकडी पट्ट्यांची चौकट बसवायची. पट्ट्यांमध्ये बोट जाईल एवढी फट. विष्ठा फटीतून खाली पडते आणि पक्ष्याच्या चोचीपासून दूर जाते. चौकटीखाली सरकते पत्र्याचे ट्रे, ट्रेमध्ये वर्तमानपत्र. रोज सकाळी ट्रे बाहेर ओढायचा, कागद गुंडाळायचा, नवा घालायचा. ढाबळीत शिरण्याची गरजच नाही.

या पद्धतीचेही तोटे आहेत. सांडलेला दाणा वाया जातो. म्हणून दाणे उघड्यावर न टाकता लाकडी द्रोणीत घालायचे. खालून गार वारा लागतो. म्हणून तिन्ही बाजू फळ्यांनी बंद करायच्या. उंदीर शिरतात, म्हणून ट्रेच्या मागे बारीक जाळी. पट्ट्यांवर विष्ठा चिकटते; ती आठवड्यातून एकदा पत्र्याच्या खरवडणीने काढायची. पट्ट्या सुट्या केल्या तर उन्हातही घालता येतात.

पिल्लांसाठी वेगळी व्यवस्था. मादी बहुधा दोन अंडी घालते, सतरा-अठरा दिवसांत ती फुटतात आणि पिल्लू साधारण महिनाभर घरट्यात राहते. एवढ्या काळात त्याच्या पायांना पकड मिळाली पाहिजे. त्यासाठी खानापूरच्या कुंभाराकडचे खरबरीत मातीचे परळ, तळाला मूठभर जाड वाळू आणि वर खराट्याच्या काड्यांचे वीतभर तुकडे. काड्या आम्ही ढाबळीत ठेवतो, रचायचे काम नर-मादी स्वतःच करतात. युरोप-अमेरिकेत उवा-पिसवांसाठी घरट्यात तंबाखूच्या काड्या घालण्याची जुनी पद्धत आहे. निपाणी जवळच, तेव्हा ही सूचनाही आली. पण निकोटीन हे विषच आहे, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी असताना ती आपणच गच्चीवर नेणे शोभणार नाही.

पालकांच्या शंकेविषयी

शंका खरी आहे. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली, तर काही लोकांना फुफ्फुसाचा कायमचा विकार होतो. काही जंतू व बुरश्याही विष्ठेतून माणसात येऊ शकतात. इथे एक पेच होता. पक्ष्यासाठी जमीन कोरडी हवी, पण कोरडी विष्ठा खरवडली की धूळ उडते. ट्रेमुळे हा पेच सुटतो. वर पट्ट्या कोरड्या राहतात. खालचा ट्रे उघड्या हवेत आणून त्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा आणि मग कागद उचलायचा.

नियम असे : दमा किंवा छातीचा त्रास असलेल्या मुलाला ढाबळीचे काम नाही. आठवड्याची खरवडणी शिक्षक करतील, मुले नव्हे, आणि तीही चांगला मास्क लावून. ट्रे बदलताना मुलांनीही नाकतोंड झाकावे, नंतर साबणाने हात धुवावेत. खोकला रेंगाळला तर डॉक्टरांना "आम्ही कबुतरे पाळतो" हे आवर्जून सांगावे.

करून पाहा

वाळू, तूस, छिलके आणि कागदाच्या पट्ट्या प्रत्येकी एक लिटर घ्या. कोरडे वजन करा. प्रत्येकावर 200 मिलिलिटर पाणी ओता, चाळणीतून किती गळाले ते मोजा. मग सावलीत ठेवून 24 तासांनी पुन्हा वजन करा. हाच प्रयोग जुलैत आणि जानेवारीत करा. कोणी पाणी धरले, कोणी सोडले, कोण लवकर वाळले? जास्त शोषणारी वस्तू नेहमीच चांगली असते का? उत्तरे कारणांसह वहीत लिहा.

विश्वस्त मंडळाने चौकट व ट्रे यांच्या खर्चाला मान्यता द्यावी, अशी आमची विनंती आहे. पालकांकडून आम्हांला फक्त रद्दी हवी. मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी हे काम झाले पाहिजे. त्या पाच पिल्लांच्या वेळी उशीर झाला होता, या वर्षी तो होऊ द्यायचा नाही.