किडीसाठी माउथवॉश: पैसे कुठे घालावेत?

माउथवॉश घेताना किमतीच्या आधी मात्रा वाचा. वनौषधींचा असो की रासायनिक, १५० मिलीची बाटली मेडिकलमध्ये साधारण शंभर ते दीडशे रुपयांना मिळते, त्यामुळे ती स्वस्त वाटते. पण लेबलवर ‘दिवसातून दोनदा १० मिली’ असं लिहिलेलं असेल, तर एका माणसाला महिन्याला ६०० मिली लागतं. म्हणजे चार बाटल्या, चारशे ते सहाशे रुपये. काही बाटल्यांवर मात्रा २० मिली असते. ती दोनदा घेतली तर महिन्याला १,२०० मिली, म्हणजे पाव लिटरच्या जवळपास पाच बाटल्या. १० मिलीच्या मात्रेनंही नेमानं वापरणाऱ्या एकट्या माणसाचा वर्षाचा खर्च पाच ते सात हजारांच्या घरात जातो. झाकणानं न मोजता तोंडात ओतून घेणाऱ्यांचा त्याहूनही जास्त.

एवढे पैसे घालून कीड थांबते का, याचं उत्तर बाटलीवर पानाफुलांचं चित्र आहे की नाही यावरून मिळत नाही. ते फ्लोराइडवरून मिळतं.

दात किडतो तो आम्लामुळे. साखर किंवा पिठूळ पदार्थ खाल्ले की दातांवरच्या चिकट थरातले जिवाणू त्यांचं आम्ल करतात. तोंडातला सामू साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. लाळ हळूहळू हे आम्ल निवळवते आणि खनिजं परत भरते. पण दर तासाभरानं गोड चहा, सोबत बिस्किट किंवा खारी चालू असेल, तर लाळेला तेवढी उसंतच मिळत नाही. फ्लोराइड इथे उपयोगी पडतं. त्याच्यामुळे खनिजं लवकर परत बसतात आणि नवा थर आम्लाला जास्त दाद देत नाही. नुसते जिवाणू मारणाऱ्या द्रावणाला हे काम जमत नाही, कारण चूळ टाकल्यावर काही तासांत जिवाणू पुन्हा वाढतात आणि साखर तर चालूच असते.

‘रासायनिक’ म्हणून एकाच फळीवर मांडलेल्या बाटल्यांमध्येही मोठा फरक आहे. डॉक्टर सर्वांत जास्त लिहून देतात ते क्लोरहेक्सिडिन, बहुधा ०.२ टक्क्यांचं. हिरड्या सुजल्या असतील, दात काढला असेल, तोंडात शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते उत्तम औषध आहे. मात्र ते दोन ते चार आठवड्यांसाठी असतं. जास्त काळ वापरलं तर दात आणि जीभ तपकिरी पडतात, चव बिघडते, दातांवरचा दगडासारखा थर वाढतो. मग तो काढायला पुन्हा क्लिनिकचा खर्च. किडीवर त्याचा भरवसा नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञांनी २०११ मध्येच कीड रोखण्यासाठी क्लोरहेक्सिडिनची चूळ सुचवू नये असं सांगितलं होतं. तरीही जुन्या चिठ्ठीवर तीच बाटली महिनोन्‌महिने आणणारी घरं आहेत. ते आधी थांबवा.

सेटिलपिरिडिनियम क्लोराइडच्या किंवा पुदिना-निलगिरीच्या अर्कांच्या बाटल्यांनी तोंडाचा वास आणि दातांवरचा थर कमी होतो. त्यांत फ्लोराइड असेल तरच किडीला आळा बसतो. काहींत अल्कोहोल बरंच असतं. तोंड कोरडं पडणाऱ्यांनी आणि लहान मुलं असलेल्या घरांनी त्या टाळाव्यात.

आता वनौषधींकडे वळू. त्रिफळा, नागवेल, पीलू म्हणजे मिसवाक, लवंग, कडुनिंब, ओवा ही काही नावापुरती घातलेली द्रव्यं नाहीत. ओव्याच्या तेलातलं थायमॉल जिवाणूंना खरोखर मारतं, आणि तेच थायमॉल परदेशी ब्रँडच्या नामांकित माउथवॉशमध्येही आहे. वनस्पती आणि रसायन यांत भिंत घालण्यात फारसा अर्थ नाही तो यामुळेच. त्रिफळ्याच्या चुळीची शाळकरी मुलांवर भारतात तपासणी झाली आहे. काही चाचण्यांत दातांवरचा थर आणि किडीच्या जिवाणूंची संख्या क्लोरहेक्सिडिनइतकीच कमी झालेली दिसली. आयुर्वेदात सांगितलेल्या कवल-गंडूषाच्या, म्हणजे औषधी द्रवानं चूळ भरण्याच्या परंपरेला यातून आधार मिळतो, आणि त्याचा मला मनापासून आदर आहे.

पण या चाचण्या बहुतेक काही आठवड्यांच्या असतात. त्यांत थर मोजतात, जिवाणू मोजतात. दोन-तीन वर्षांनी किती दात किडले, हे मोजलेलं फारसं नसतं. ‘९९ टक्के जिवाणू नष्ट’ आणि ‘कीड कमी’ हे दोन वेगळे दावे आहेत. ग्राहकानं पैसे दुसऱ्या दाव्यासाठी द्यायचे असतात, हातात पडतो पहिला.

फ्लोराइडच्या चुळीबाबत मात्र दात मोजलेले आहेत. २०१६ मध्ये वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं ३७ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत पंधरा हजारांहून जास्त मुलं होती. देखरेखीखाली नेमानं फ्लोराइडची चूळ भरणाऱ्या मुलांच्या कायमच्या दातांतली कीड सरासरी २७ टक्क्यांनी कमी आढळली. लेबलवर ‘सोडियम फ्लोराइड ०.०५ टक्के’ असेल तर ते रोज एकदा वापरण्याचं. ०.२ टक्क्यांचं द्रावण शाळांच्या कार्यक्रमांत आठवड्यातून एकदा देतात. ते रोज वापरायचं की नाही, हे डॉक्टरांनाच विचारा. रोज एकदा १० मिली म्हणजे महिन्याला ३०० मिली, दोन बाटल्या.

ही बाटलीसुद्धा सगळ्यांना लागत नाही. दातांना तारा बसवल्या आहेत, रेडिएशनमुळे किंवा औषधांमुळे लाळ कमी झाली आहे, हिरड्या खाली सरकून मुळं उघडी पडली आहेत, किंवा दरवर्षी एखादी नवी पोकळी निघते, अशांनी हा खर्च जरूर करावा. बाकीच्यांचं काम साध्या टूथपेस्टवर भागतं.

पेस्टचा हिशोब करून बघा. भारतात पेस्टमधल्या फ्लोराइडला १,००० पीपीएमची (दहा लाख भागांत एक हजार भाग) कमाल मर्यादा आहे आणि प्रमाण ट्यूबवर छापलेलं असतं. शंभर ग्रॅमची साधी ट्यूब साठ ते शंभर रुपयांना येते. मोठ्या माणसानं दर वेळी एक ग्रॅम घेतली, तरी महिन्याला ६० ग्रॅम, म्हणजे चाळीस ते साठ रुपये. रोजच्या वापराच्या चुळीत फ्लोराइड साधारण २२५ पीपीएम असतं, पेस्टमध्ये त्याच्या चौपट, आणि खर्च पाचवा हिस्सा. सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट आणि ब्रशवरचा जीएसटीही १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती एका जोडीची: ‘फ्लोराइडमुक्त’ वनौषधी पेस्ट आणि वर वनौषधी माउथवॉश. महिन्याला सहा-सातशे रुपये जातात, तोंड ताजं वाटतं, आणि घरात फ्लोराइडचा थेंबही येत नाही. वनौषधी माउथवॉश आवडत असेल तर खुशाल ठेवा, पण पेस्ट फ्लोराइडची घ्या. आणि ब्रश केल्या केल्या चूळ भरू नका, पाण्यानंही नाही. फेस थुंकून टाका, तोंडात राहील तो राहू द्या. लगेच चूळ भरली की पेस्टचं फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. माउथवॉश दुपारच्या जेवणानंतर वापरा. क्लोरहेक्सिडिन चालू असेल तर ब्रशनंतर निदान अर्धा तास थांबा, कारण पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यामुळे त्याचा जोर कमी होतो.

फ्लोराइड जास्त झालं तरी दात बिघडतात: चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत. मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसत असतील तर बोअरचं पाणी आधी तपासून घ्या आणि फ्लोराइडची चूळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. सहा वर्षांखालच्या मुलांना तर कुठलाच माउथवॉश देऊ नये, ती गिळतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी.

घरगुती गुळण्यांचं थोडक्यात सांगायचं तर, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घातलं की दुखऱ्या हिरडीला आराम पडतो आणि खर्च जवळजवळ शून्य. त्रिफळ्याचा काढाही चालेल, त्यानं दातांवर हलके डाग पडू शकतात. लिंबाचं पाणी अजिबात नको, ते स्वतःच आम्ल आहे. आणि मशेरी ही दंतमंजन नव्हे, ती तंबाखू आहे. तिच्यानं कीड थांबत नाही, तोंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र वाढतो.

दाढेत काळा खड्डा दिसत असेल किंवा थंड पाणी झोंबत असेल, तर तो खड्डा कुठल्याही बाटलीनं भरून येत नाही. शहरात खासगी क्लिनिकमध्ये छोटी पोकळी भरायला आठशे ते दोन हजार रुपये पडतात. थांबलात तर रूट कॅनल आणि वरची कॅप मिळून सहा-सात हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत सहज जातात. परवडत नसेल तर मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे हेच काम खासगीच्या मानानं फार कमी शुल्कात होतं. केसपेपर काढायला सकाळी लवकर पोचा आणि एका दाढेसाठी दोन-तीन खेपा घालाव्या लागतील असं धरून चला.