धीर देऊन थांबू नकोस

चि. मृण्मयीस,


ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक म्हणून रुजू होताना तू विचारलंयस, 'येणाऱ्यांच्या डोक्यावर कर्ज आहे, कुणाचा नवरा पितो, कुणाच्या मुलाला नोकरी नाही. मी नुसतं बोलून काय करणार?' शंका रास्त आहे. तुला त्यांचं कर्ज फेडता येणार नाही, पण 'सगळं ठीक होईल' म्हणून त्यांची बोळवणही करू नकोस. माणूस भीतीपायी ज्या गोष्टीपासून पळतोय तिच्याकडे त्याला झेपेल अशा बेतानं परत न्यायचं, हे तुझं काम. त्यानं अडचण लगेच सुटत नसली, तरी ती सोडवायला लागणारा माणूस जागेवर येतो.

चिंता कशावर पोसली जाते ते पाहा. थकीत पीककर्जाची नोटीस आलेला शेतकरी पाकीट फोडत नाही, सोसायटीचा सचिव दिसला की वाट बदलतो. टाळलं की छातीतली धडधड तत्काळ कमी होते. तो आराम खरा असतो आणि घात तिथेच होतो, कारण टाळलं म्हणून वाचलो अशी मनाची खात्री पटते. मग बाजार सुटतो, पारावर बसणं सुटतं, लग्नकार्याला जाणं सुटतं. रात्रभर विचार चालू आणि दिवसा हातून एक काम होत नाही. व्याज मात्र वाढत राहतं. अशा माणसाचं आधी सगळं ऐकून घे, घाई करू नकोस. मग पाकीट तुझ्यासमोर फोडू दे. मुद्दल किती, व्याज किती, ते त्याच्या हातानं कागदावर येऊ दे. कुणाला भेटायचं हे दोघं मिळून ठरवा, काय बोलायचं याची तालीम करा, आणि पुढच्या भेटीत कुठे अडलं ते विचार. पाकीट फोडताना हात कापतील. ते कापणं आपोआप ओसरतं, हे त्याला स्वतःला कळायला हवं. श्वासाचे व्यायाम जरूर शिकव, पण पाकीट तसंच ठेवून तो श्वास मोजत बसला तर ती टाळण्याचीच नवी तऱ्हा झाली.

बोलण्यानं इतकं होतं याला पुरावा आहे, आणि तो आपल्या शेजारचाच आहे. गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांवर केलेला अभ्यास 2016च्या अखेरीस 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ भेटींचं समुपदेशन मिळालं. देणारे स्थानिक लोक होते. मानसोपचाराची पदवी नसलेले, पण या कामासाठी तयार केलेले. भर कशावर, तर सुटलेली कामं आणि सुटलेली माणसं थोडी थोडी पुन्हा धरण्यावर. तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले 39 टक्के. अभ्यास नैराश्याचा आहे, चिंतेचा नाही, हे खरं. पण दोन्ही आजार पुष्कळदा हातात हात घालून येतात आणि माघार दोन्हींत सारखीच. उरलेले 36 टक्केही विसरू नकोस. या भेटी सगळ्यांना पुरत नाहीत.

मग पदवी कशाला, घरचे लोक काय कमी आहेत, असंही कुणी म्हणेल. घरच्यांची माया मोठी, पण ती बहुधा टाळायलाच मदत करते. 'तू नको जाऊ, मी जातो बँकेत' असं भाऊ म्हणतो, 'काही होत नाही रे' असं आई दिवसातून दहा वेळा सांगते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, तासाभरानं पुन्हा विचारावंसं वाटतं. शिवाय घरात न्याय-अन्याय, जुने हिशेब असतात. त्रयस्थापाशी ते नसतात, आणि सांगितलेलं बाहेर जात नाही. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तर ही गुप्तता रुग्णाचा हक्कच मानली आहे.

उलट टोकाचा धोका शिकलेल्यांना असतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची, विचार तपासून बदलण्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धत कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांना ठाऊक झाली. ती मोलाची आहे, पण कच्च्या हातात तिचं 'तुमचा विचारच चुकीचा' असं होतं. मार खाणाऱ्या बाईची भीती चुकीची नसते. तिथे विचार तपासायच्या आधी ती सुरक्षित कशी राहील ते पाहायचं, आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत तिला पोचवायचं. समुपदेशनाच्या नावाखाली सोसायला शिकवणं मला अक्षम्य वाटतं.

कुणी मरणाची भाषा बोललं, जेवण-झोप पार तुटलेली दिसली, भास होत असले, तर एकटीनं ओढत बसू नकोस. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठव आणि सोबत कुणीतरी राहील असं बघ. तुझी खोली संध्याकाळी बंद होईल. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा चोवीस तास चालू असते. तिचा 14416 हा क्रमांक दारावर मोठ्या अक्षरांत लाव, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या फोनमध्ये स्वतः साठवून दे.

तुझा,
मामा