धुळ्याच्या थंडीत गोजी

प्रश्न : धुळ्याच्या हिवाळ्यात घरच्या कुंडीत गोजी जगेल काय?

उत्तर : चीनच्या निंगशिया प्रदेशात हिमकाळी पर्णहीन होऊन शून्याखाली 20 अंशांचे शैत्यही सोसणाऱ्या या क्षुपाला, जळगावच्या केळीची वाढ खुंटविणारी आपली खानदेशी थंडी सुसह्यच, किंबहुना सुखावह वाटेल; मला खरी चिंता आहे ती वैशाखाची, जेव्हा तापीच्या खोऱ्यात पारा 43 अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत दुपारच्या सावलीची तजवीज अवश्य करावी. काळी माती पाणी धरून मुळे कुजविते, म्हणून तीत वाळू सढळ हाताने मिसळावी. शिवाय गोजी ही आपल्या भरिताच्या वांग्याच्याच कुळातली असल्याने त्याचे मातीतले रोग हिलाही लागू शकतात, म्हणून वांग्याच्या वाफ्यातील जुनी माती कुंडीत मुळीच भरू नये.