शिकाऊ उमेदवार व जुने कारागीर
(शास्त्रपाठ : ईयोब ३२:४-१०)

आमच्या अनगोळजवळील उद्यमबागेत जुना कारागीर लेथच्या आवाजावरून हत्यार बोथट झाल्याचे ओळखतो. आयटीआयचा मुलगा सीएनसीच्या पडद्यावरील आकडे पाहतो. दोघे एकमेकांस नावे ठेवतात.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मालकावर शिकविण्याची व उमेदवारावर मन लावून शिकण्याची जबाबदारी टाकली आहे.

अलीहू तरुण होता. वडीलधाऱ्यांचे बोलणे संपेपर्यंत तो थांबला. मग मात्र, शहाणपण केवळ वयाने येत नाही, हे त्याने स्पष्ट सांगितले. तरुणांनी त्याचे थांबणे शिकावे. पण प्रियहो, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आम्ही वडील गप्प करतो. असा मुलगा चूक लपवू लागतो, आणि यंत्रावर लपविलेली चूक एखाद्याचे बोट घेऊन जाते. म्हणून आधी त्याचे ऐकू या.