काटा झिरोवर आहे, पण बरोबर आहे का?

जळगाव-धुळे पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करता करता काही गोष्टी पक्क्या झाल्या. जिनिंगचा भुईकाटा असो की सराफाचा, बहुतेकांच्या पोटात लोडसेलचा, म्हणजे भार जोखणाऱ्या सेन्सरचा, इवलासा व्होल्टेज आकड्यात बदलणारा एडीसी असतो. चूक तिथेही शिरते.

1. सगळे झिरोकडे बघतात, नुकसान गेनमध्ये होतं. ऑफसेट म्हणजे रिकाम्या काट्यावरचा फालतू आकडा. गेन म्हणजे किलोमागे आकडा किती वाढतो ते; त्याची चूक मात्र वजनाबरोबर वाढत जाते. ‘भाऊ, आधी झिरो दाखवा,’ असं शेतकरी बजावतो. पण भुईकाट्यावर ट्रॉली आधी भरलेली, मग रिकामी मोजतात. दोन्ही वेळी 20 किलोचा ऑफसेट असला तर तो वजाबाकीत उडतो. गेन अर्धा टक्का कमी असला तर 30 क्विंटल कापसामागे 15 किलो जातात, आणि रिकामा काटा छान झिरो दाखवत राहतो.

2. वेचणीवाल्या बायांचा हिशेब उलटा. त्यांचं प्रत्येक गाठोडं वेगळं मोजतात, मजुरी किलोवर. 200 ग्रॅमचा ऑफसेट दर गाठोड्याला कापला जातो. तिथे झिरोवरच भांडावं.

3. आधी ऑफसेट, मग गेन. समजा, रिकाम्या काट्याला कच्चे काउंट, म्हणजे एडीसीचा मूळ आकडा, 8,200 आले आणि 50 किलोचं प्रमाण वजन ठेवल्यावर 2,08,200. वजाबाकी करून भागलं की किलोला 4,000 काउंट. वजन जड घ्या. 100 किलोच्या काट्याचा गेन 5 किलोवर ठरवला तर तिथली बारीक चूक वर वीसपट होते. मग मधलं एखादं वजन ठेवून बघाच. एडीसीची रेषाच वाकडी असेल तर दोन बिंदूंनी ती सरळ होत नाही.

4. फक्त धन व्होल्टेज वाचणाऱ्या एडीसीने शून्याला शून्य दाखवलं म्हणून हुरळू नका. ऑफसेट ऋण असला तरी आकडा शून्याखाली उतरू शकत नाही. पल्ल्याच्या साधारण 10 आणि 90 टक्क्यांवर वाचन घ्यायचं, रेषा मागे ओढायची. खरा ऑफसेट सापडतो.

5. मे महिन्यात घाई नको. 5 व्होल्टवर चालणारा, व्होल्टला 2 मिलिव्होल्ट देणारा लोडसेल पूर्ण भाराला जेमतेम 10 मिलिव्होल्ट देतो. तो 100 किलोचा असेल तर 10 ग्रॅम म्हणजे एक मायक्रोव्होल्ट! पत्र्याच्या शेडमध्ये पारा 45 वर गेला की एवढ्याने झिरो सहज सरकतो. काटा अर्धा तास चालू ठेवून मगच हात लावा, सकाळचं काम दुपारी तपासा. सेलचा पुरवठा हाच एडीसीचा संदर्भ ठेवला तर व्होल्टेजचा चढउतार फारसा बाधत नाही, कारण दोन्ही बरोबरच हलतात.

6. सील परवानाधारक दुरुस्तीवाल्यानेच तोडायचं. त्यानंतर वैधमापन निरीक्षकाकडून पडताळणी आलीच. एरवीही इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर 12 महिन्यांनी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दर्शनी जागी लावावं लागतं. ट्रॉली काट्यावर चढवण्याआधी त्यावरची तारीख वाचा.