वेश आणि श्रम

श्रमिकांचा वेश दुरून पाहणाऱ्याला चित्रमय भासतो. परंतु त्याची घडण गरजेतून झालेली असते. अमेरिकेतील घोडेस्वार गुराखी गळ्यात रुमाल बांधीत, तो कळपाने उडविलेली धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून. आणि बुटाला उंच टाच असे, ती पाय रिकिबीतून पुढे सरकून अडकू नये म्हणून. कोलकात्याच्या हातरिक्षावाल्याकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. बहुधा बिहारमधून आलेल्या या श्रमिकाचा गमछा घाम टिपतो आणि उन्हात डोक्याचे रक्षण करतो. वर खोचलेली लुंगी धावताना पायांत येत नाही. दोन्ही हात दांड्यांत गुंतलेले असल्याने बोटात अडकविलेली लहानशी घंटा दांडीवर आपटून तो वाटसरूंना सावध करतो. उंच चाकांमुळे रस्ते तुंबले तरी उतारू कोरडा राहतो. ओढणारा मात्र पाण्यातूनच चालतो. २००६ साली पश्चिम बंगालच्या विधानसभेने हातरिक्षा बंद करण्यासाठी विधेयक संमत केले. त्यानंतरही त्या नाहीशा झाल्या नाहीत. वेश आणि साधने श्रम सुकर करतात, पण खांद्यावरचा भार हलका करीत नाहीत, हे विसरता कामा नये.