आधी गरज, मग खरेदी

(टीव्हीला जोडून खेळण्याचा कन्सोल आता अनेक घरांत असतो. त्यावरील खेळ संगणकात उतरवून घेण्यासाठी ‘कॅप्चर कार्ड’ नावाचे छोटे यंत्र मिळते. ते निवडताना काय पाहावे, हे या पाठात लेखकाने भाच्याच्या अनुभवातून सांगितले आहे.)

मालेगावला माझी मोठी बहीण राहते. मागच्या दिवाळीच्या सुटीत मी तिच्याकडे गेलो होतो. तिचा मुलगा नववीत शिकतो. त्याच्या चाचांनी आपला जुना प्लेस्टेशन ४ त्याला दिला आहे. शेजारच्या मुलाबरोबर तो ‘टेकन ७’ हा मारामारीचा खेळ खेळत असे आणि रोज हरत असे.

एका संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला.

“मामू, हरण्याचे मला वाईट वाटत नाही. पण मी का हरतो, तेच समजत नाही. सगळे इतक्या झटकन होते की चूक दिसतच नाही. खेळ रेकॉर्ड करून हळूहळू पाहता आला तर? बाजारात त्याचे कार्ड मिळते. माझ्याजवळ दोन वर्षांची ईदी आहे, तीन हजार रुपये. उद्या माझ्याबरोबर चला ना!”

स्वयंपाकघरातून आपा म्हणाली, “तीन हजार रुपये पुन्हा पुन्हा येत नाहीत. घ्यायचेच असेल तर नीट पाहून घे.”

मी म्हणालो, “बाजारात जाऊ. पण आधी कागद आणि पेन आण.”

पहिला प्रश्न मी त्याला विचारला, “तुझा कन्सोल स्वतः रेकॉर्डिंग करत नाही का?” करतो! प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरवर ‘शेअर’ नावाचे बटण असते. एरवी तो पंधरा मिनिटांचा खेळ साठवतो. सेटिंग बदलली तर एक तासापर्यंतचा खेळ साठवता येतो. घरच्यांना किंवा मित्रांना खेळ दाखवायचा असेल, तर तेवढे पुरे आहे. एक रुपयाही खर्च होत नाही.

आम्ही एक सामना तसा रेकॉर्ड करून पाहिला. भाचा म्हणाला, “वार सुरू होताना दिसतच नाही.” कारण सोपे होते. हा खेळ टीव्हीवर दर सेकंदाला ६० चित्रे दाखवतो. साधा प्लेस्टेशन ४ मात्र रेकॉर्डिंगमध्ये ३० चित्रेच ठेवतो. म्हणजे दर दोन चित्रांतले एक गळते. या खेळातला वेगवान ठोसा १० चित्रांत, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात लागतो. तेथे अर्धी चित्रे गेली, तर चूक कशी सापडणार? म्हणून कागदावर पहिली ओळ लिहिली : ‘सेकंदाला ६० चित्रे हवीत.’

दुसरा प्रश्न लॅपटॉपचा. आम्ही हिशेब केला. ‘१०८०’ म्हणतात त्या चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार केला, तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके होतात. अशी ६० चित्रे, आणि प्रत्येक ठिपक्याला १६ बिट माहिती. एका सेकंदाला सुमारे १९९ कोटी बिट झाले! यूएसबी २.० ची क्षमता सेकंदाला ४८ कोटी बिट, तर यूएसबी ३.० ची ५०० कोटी बिट असते. म्हणून यूएसबी २.० च्या कार्डाला चित्र आधी दाबून लहान करावे लागते. त्यात चित्राचा स्पष्टपणा थोडा कमी होतो. भाच्याच्या लॅपटॉपला यूएसबी ३.० होते. दुसरी ओळ लिहिली : ‘यूएसबी ३.०.’

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता. खेळताना पाहायचे कोठे? कार्डातून लॅपटॉपवर येणारे चित्र थोडे उशिरा पोहोचते. ते पाहून खेळणारा हमखास मार खातो. म्हणून कार्डाला एचडीएमआयची दोन तोंडे हवीत. एकात कन्सोलची केबल जाते, दुसऱ्यातून टीव्हीला केबल जाते. टीव्हीवर खेळायचे आणि लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचे. तिसरी ओळ झाली : ‘दोन एचडीएमआय.’

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. एका खोक्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत ‘४के’ लिहिले होते. किंमतही कमी होती. भाच्याचे डोळे दिपले. मी म्हणालो, “मागची बाजू वाच.” तेथे बारीक अक्षरांत होते : आत येणारे चित्र ४के, रेकॉर्डिंग १०८०, सेकंदाला ३० चित्रे. कार्ड किती मोठे चित्र आत घेते आणि किती साठवते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचा आकडा पहिल्या गोष्टीचा होता. आम्हाला दुसरी हवी होती. भाच्याने खोका खाली ठेवला.

कागदावरच्या तिन्ही ओळी जुळल्या, ते कार्ड आम्ही घेतले. ईदीतले थोडे पैसे शिल्लकही राहिले. बिल मात्र जपून ठेवले.

घरी येऊन सर्व केबली जोडल्या. ‘ओबीएस स्टुडिओ’ हा मोफत प्रोग्रॅम सुरू केला. टीव्हीवर चित्र आले, पण लॅपटॉपचा पडदा काळाच! भाच्याचे तोंड उतरले. “मामू, फसलो का आपण?”

कार्ड बिघडलेले नव्हते. चित्रपटांची नक्कल होऊ नये म्हणून एचडीएमआयमध्ये ‘एचडीसीपी’ नावाचे कुलूप असते. ते लागलेले असले, की चित्र रेकॉर्ड होत नाही. प्लेस्टेशन ४ च्या सिस्टीम सेटिंगमध्ये ते खेळापुरते बंद करता येते. ते बंद असताना चित्रपटांची काही ॲप चालत नाहीत. तेव्हा ते पुन्हा सुरू करावे लागते. आम्ही सेटिंग बदलली आणि पडद्यावर खेळ उमटला.

त्या रात्री शेजारचा मुलगाही आला. भाचा तिन्ही सामने हरला. मग दोघे मिळून एकेक चित्र पुढे सरकवत पाहू लागले. दुसऱ्याचा वार अडवल्यावर लगेच उलट वार करायचा असतो. भाचा मात्र प्रत्येक वेळी आधी एक पाऊल मागे सरकत होता. तेवढ्यात संधी निघून जात होती.

“सापडले का काही?” आपाने विचारले.

“हो अम्मी,” तो आनंदाने म्हणाला, “माझीच चूक सापडली!”

मुलांनो, भाचा अजूनही कधी कधी हरतो. पण आता त्याला कारण ठाऊक असते. तो कागदही त्याने जपून ठेवला आहे. कोणतीही वस्तू घेताना खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांआधी आपली गरज वाचावी, हे त्याला त्या तीन ओळींनी शिकवले.

शब्दार्थ
भाचा – बहिणीचा मुलगा
गळणे – सुटून जाणे, राहून जाणे
क्षमता – ताकद, कुवत
हमखास – नक्की
शिल्लक – उरलेले
डोळे दिपणे – चकाकीने भुलून जाणे
तोंड उतरणे – निराश होणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भाच्याला खेळ रेकॉर्ड का करायचा होता?
(आ) कागदावर कोणत्या तीन ओळी लिहिल्या?
२. कारणे लिहा.
(अ) कार्डाला एचडीएमआयची दोन तोंडे हवीत.
(आ) भाच्याने ‘४के’ लिहिलेला खोका खाली ठेवला.
(इ) लॅपटॉपचा पडदा काळा राहिला.
३. वाक्यात उपयोग करा : डोळे दिपणे, तोंड उतरणे.
४. तुमच्या घरी घ्यायची असलेली एखादी वस्तू निवडा. ती घेण्यापूर्वी विचारायचे तीन प्रश्न लिहा.